सकाळी हरवणारी घरं

तुंगशी
पहिला चांद्रमहिना, नववा दिवस

आ-लिन,

मी बोलते आहे आणि श्याओ मास्तर लिहिताहेत. मच्छीमार संघातून निवृत्त झाल्यापासून त्यांच्या हाताला काम नाही आणि माझ्या हाताला अक्षर नाही, तेव्हा दोघांची सोय होते. मोबदला म्हणून मी त्यांना सोललेली कालवं देते. बोलता बोलता सोलते. वाटी भरली की पत्र संपलं. आज मुद्दाम मोठी वाटी घेतली आहे.

फोन का केला नाही म्हणशील. फोनवर तू ‘बरं आहे आमा, जेवले आमा’ म्हणून सुटतेस. कागदावर तेवढंच लिहायची तुझी तुलाच लाज वाटेल.

नव्या वर्षाला आलीस ती दुसऱ्या दिवशी जेवून पळालीस. मुळ्याची वडी अर्धी तशीच राहिली. शेवटी मांजरानेही तोंड फिरवलं, म्हणजे माझाच हात बिघडला असणार. काल कालवं फोडायच्या शेडमध्ये शेजारच्या आ-ग्योकने विचारलं, “तुमची नात विद्यापीठात करते तरी काय?” मी म्हटलं, “यंत्रं सांभाळते.” “म्हणजे काय करते?” आता मला काय माहीत? मी म्हटलं, “ती असली की यंत्रं बिघडत नाहीत.”

तर परवा फोनवर, ‘काम नीट सुरू झालं का?’ असं मी विचारलं तेव्हा तू नुसतं ‘हं’ म्हणालीस. ते ‘हं’ माझ्या ओळखीचं आहे. लहानपणी बशी फोडून तांदळाच्या पिंपामागे लपवलीस की असंच ‘हं’ म्हणायचीस.

काय फुटलं आहे?

आमा

(वरचं सगळं तिच्या शब्दांत. मी फक्त दोन शिव्या गाळल्या आहेत. — श्याओ)

*

शिन्चू
११ फेब्रुवारी

आमा,

बशी फुटलेली नाही. सापडत नाही आहे, एवढंच.

आ-ग्योक मावशींना सांगता यावं म्हणून नीट लिहिते. आमच्या खोलीत विद्यार्थ्यांसाठी यंत्रांच्या रांगा आहेत. त्या यंत्रांच्या पोटात कुणाचंच काही नसतं. सगळ्यांचं सामान आतल्या थंड खोलीत एका मोठ्या यंत्रात असतं. त्याला आम्ही सर्व्हर म्हणतो. विद्यार्थी कुठल्याही यंत्रापुढे बसला, नाव सांगितलं, पासवर्ड दिला, की ते धाकटं यंत्र थोरल्याकडे जातं आणि त्याचं सगळं बिऱ्हाड, वह्या, चित्रं, अर्धवट प्रबंध, आणून पुढ्यात मांडतं. तो उठून गेला की बिऱ्हाड परत. आम्ही त्याला त्या माणसाचं घर म्हणतो. हे सगळं लिनक्स नावाच्या व्यवस्थेवर आपोआप चालतं. निदान चालायला हवं.

त्यात एक गंमत आहे. हाक मारल्याशिवाय ही घरं दिसत नाहीत. ‘सगळी घरं दाखव’ म्हटलं तर यंत्र रिकामं अंगण दाखवतं. पण अमक्याचं घर, असं नाव घेतलं की दार उघडतं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते रिकामं अंगण बघून मला वाटलं, सगळ्यांचं सगळं पुसलं गेलं. माझ्या आधी हे काम करणारे लिआव दादा आता ताइनानला असतात, त्यांना फोन केला. ते म्हणाले, “बघत बसू नकोस, हाक मार.”

सुट्टी संपल्यापासून मात्र हाक मारूनही दार उघडत नाही. तेही रोज सकाळी. मग मी काहीतरी दुरुस्त करते, यंत्र बंद करून परत सुरू करते, आणि घर समोर हजर. थांग सरांना सांगते, झालं. (थांग सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख, किनाऱ्यावरच्या लाटांचे प्राध्यापक.) संध्याकाळपर्यंत एकेक करत सगळी यंत्रं ठीक होतात. दुसऱ्या सकाळी परत सगळ्यांची अंगणं रिकामी. सोमवारी मी नावांची यादी बदलली, झालं म्हटलं. काल यंत्रांना सर्व्हरशी जोडणारी तार बदलली, झालं म्हटलं. आज मी तोंड उघडायच्या आत थांग सर म्हणाले, “झालं ना? उद्या सकाळी भेटू.”

श्याओ मास्तर, पुढचं मनात वाचा, आमाला वाचून दाखवू नका. माझी नोकरी अजून कच्ची आहे, मेपर्यंतचीच. चांद्रमहिना संपताना विभागाची बैठक आहे, तिच्यात मला ठेवायचं की हे काम बाहेरच्या कंपनीला द्यायचं ते ठरेल. आजच्यासारख्या सकाळी चालू राहिल्या तर मला मेमध्ये नव्हे, मार्चमध्येच तुंगशीची बस पकडावी लागेल.

आमा, मी वेळेवर जेवते आहे.

आ-लिन

*

तुंगशी
पंधरावा दिवस, दिव्यांचा सण

आ-लिन,

मास्तर ‘मनात वाचा’ इथपर्यंत आले आणि थांबले. मी म्हटलं, “काय झालं?” म्हणाले, “काही नाही, अक्षर लागत नाही.” ज्या माणसाने आयुष्यभर कोळ्यांच्या पावत्यांवरचं अक्षर लावलं, त्याला माझ्या नातीचं लागत नाही. मी वाटी मागे घेतली. मग लागलं.

त्यांना दोष देऊ नकोस. आज कालवं चांगली टपोरी आहेत.

तुझी यंत्रं मला कळली. आ-ग्योकच्या धाकट्या सुनेसारखी आहेत. सकाळी डोकं दुखतं, उठवत नाही. सासू बाजारात गेली की ठणठणीत. आ-ग्योकने वैद्य केले, देव केले. मी तिला म्हटलं, “अगं, औषध कुठलं लागू पडलं ते बघू नकोस. रोज सकाळी घरात काय होतं ते बघ.” तर माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तू निदान पत्र तरी लिही.

आणि दुसरं. यंत्रांनी काय केलं ते तू पानभर लिहिलंस, तू काय केलंस ते दोन ओळींत उरकलंस. पिंपामागे अजून काहीतरी आहे.

नोकरी गेली तर जाऊ दे. कालवं फोडायला बोटं लागतात, ती तुला आहेत. तुझ्या खोलीत मी जाळी आणि दोर ठेवले होते, ते आज बाहेर काढले. तुझ्यासाठी नाही, उंदरांसाठी.

तिळाचे गोळे केले होते. मास्तरांनी तुझ्या वाटचे खाल्ले.

आमा

*

शिन्चू
१८ फेब्रुवारी

आमा,

पिंपामागे आहे. लिहिते.

दार उघडत नाही म्हणून विद्यार्थी खोळंबून बसायचे. मला ते बघवेना. मी यंत्रांना सांगून ठेवलं, की घर मिळालं नाही तर त्या माणसाला तात्पुरतं कोरं घर द्या, निदान बसून काम तरी करेल. कुणाला विचारलं नाही. मला वाटलं मी फार हुशार.

आमच्याकडे रू-फांग म्हणून प्रबंध लिहिणारी मुलगी आहे. ती सकाळी आली, कोरं घर बघून म्हणाली, “ताई, माझं सगळं गेलं का?” मी म्हटलं, “नाही, दुपारपर्यंत येईल, तोवर यातच लिही.” तिने दुपारपर्यंत त्यातच लिहिलं. जेवायला गेली. तेवढ्यात मी ते यंत्र बंद करून सुरू केलं. तिचं खरं घर आलं आणि त्या कोऱ्या घरावर जाऊन बसलं. ती परत आली तर जुनं सगळं हजर आणि सकाळी लिहिलेलं गायब.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत नुसती बसून राहिली.

लिहिलेलं गेलं नव्हतं, आमा. चटईखाली राहिलेल्या किल्लीसारखं होतं. खरं घर क्षणभर बाजूला केलं तेव्हा खाली कोरं घर तसंच होतं आणि तिची पानंही. मी ती तिला काढून दिली आणि कोरी घरं देणं बंद केलं. पण थांग सरांच्या कानावर एवढंच गेलं, की मुलांची पानं हरवतात. खरं काय ते मी अजून सांगितलेलं नाही.

आता दुसरी गोष्ट. तू ‘सकाळी घरात काय होतं ते बघ’ म्हणालीस ते वाचून मला आधी रागच आला. सकाळी मी तिथेच तर असते, डोळ्यांपुढे तर सगळं होतं. तरी आज नुसती उभी राहून बघितलं, कशालाही हात न लावता.

या वर्षी विजेची बचत करायचा हुकूम आहे. पूर्वी सर्व्हर दिवसरात्र चालू असायचा. आता रात्री सगळी यंत्रं आपोआप झोपतात आणि पहारेकरी मेन स्विच पाडतो. सकाळी थांग सर येतात. सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी त्यांनी पंचांगातून मुहूर्त काढला, उदबत्ती लावली, यंत्रं शहाण्यासारखी वागावीत म्हणून सगळे ठेवतात तसा सर्व्हरवर हिरव्या पाकिटातला खाऊ ठेवला आणि मेन स्विच स्वतःच्या हाताने वर केला. दिवे, पंखे, यंत्रं, सगळं एका झटक्यात लागलं. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांना ते इतकं आवडलं, की महिना संपेपर्यंत रोज त्याच घटकेला तेच करायचं असं त्यांनी ठरवलं.

खोलीत एकच यंत्र असं आहे, ज्यावर सकाळीसुद्धा सगळ्यांची घरं उघडतात. कोपऱ्यातलं. मुलं त्याला शुभ म्हणतात, त्याच्यासाठी रांग लावतात. सर्व्हरवरचा खाऊ कुणीतरी उचलून त्याच्या डोक्यावर ठेवला आहे. मीही मनातल्या मनात त्याला शुभच म्हणायला लागले होते. आज बघितलं, तर त्याच्या प्लगच्या जागी सकाळी सरांचं विजेचं पातेलं लागतं. सर सगळ्यांसाठी चहातली अंडी उकडतात. अंडी झाली की पातेलं निघतं आणि मग ते यंत्र सुरू होतं.

म्हणजे ते शुभ नाही. ते उशिरा उठतं.

सर्व्हर म्हातारा नाही, पण मोठा आहे. उठला की आपल्या सगळ्या डिस्क तपासतो, मगच दार उघडतो. धाकटी यंत्रं टुणकन उठतात, त्याच्या दारात जातात, आतून उत्तर नाही. ती मनाशी लिहून ठेवतात, इथे कुणी राहत नाही. आणि दिवसभर परत विचारायला जात नाहीत. मी संध्याकाळी ज्या यंत्राला परत सुरू करायचे ते बरं व्हायचं, कारण तोवर सर्व्हर जागा असायचा. माझी यादी नाही, माझी तार नाही. मी काहीच दुरुस्त केलेलं नव्हतं.

आता सरांना काय सांगू? ‘सर, तुमच्या मुहूर्तामुळे घरं हरवतात’? बैठकीला ते अध्यक्ष आहेत. गेल्या वर्षी एका पाहुण्याने त्यांच्या पंचांगाला हसून दाखवलं, त्याला त्यांनी परत चहा विचारला नाही. गप्प राहून आतल्या आत धाकट्यांना थांबायला लावता येईल, पण मग मेन स्विच रोज सर्व्हरवरही तसाच आदळत राहील, आणि रू-फांगची पानं कशी हरवली हे कुणाला कळणारच नाही.

दोन्ही सांगायचं, तर एकाच दमात कसं सांगू?

आ-लिन

*

तुंगशी
बाविसावा दिवस

आ-लिन,

मास्तरांनी तुझं पत्र वाचलं आणि म्हणाले, “हिची चूक झाली खरी.” मी म्हटलं, “तुम्ही ती मोठ्याने वाचलीत, तिने ती लिहिली. दोघांत धीट कोण?” आता हेही त्यांनाच लिहावं लागतंय.

तुझ्या थांग सरांना मी ओळखते. त्यांच्याशी मी संसार केला आहे.

तुझे आकोंग दरवर्षी तराफे पाण्यात लोटायचा मुहूर्त देवळातून आणायचे. फटाके वाजले की सगळे तराफे एकदम लोटायचे. एकदम म्हणजे एकदम, एकही मागे राहता कामा नये, नाहीतर वर्षभर कुणीतरी मागे राहील. आता देवळातल्या पंचांगाला आपल्या खाडीची भरती काय ठाऊक? पाणी आलेलं नसायचं. तराफे चिखलात बसायचे. आणि चिखल असा, की एकदा त्याने धरलं की मागून भरती आली तरी सोडत नाही. पाणी वर चढतंय आणि तराफे खाली तसेच. मग बायकांनी कंबरभर पाण्यात उभं राहून ढकलायचं.

गावातल्या एका शहाण्याने त्यांना सांगितलं, “मुहूर्त चुकला.” त्याच्याशी ते मरेपर्यंत बोलले नाहीत. तो त्यांचा सख्खा भाऊ.

मी मुहूर्ताला हात लावला नाही. मी म्हटलं, “अहो, तुम्ही घरातले थोरले. तुमच्या हाताने धाकटे तराफे लोटणं शोभतं का? मोठा तराफा खोल पाण्यात उभा आहे, त्याचा दोर मुहूर्तावर तुम्ही एकट्याने सोडा. मोठा निघाला की धाकटे त्याच्या मागून येतील. थोरल्याच्या पुढे जाणं त्यांना शोभत नाही.” त्यांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, “माझे आजोबा असंच करायचे.” त्यांच्या आजोबांकडे तराफा नव्हता.

मुहूर्त त्यांचा राहिला, भरती आमची.

हे झालं पहिल्या गोष्टीचं. कोऱ्या घरांचं मात्र असं गोड करून सांगू नकोस. ते तुझं आहे, ते सरळ सांग, आणि आधी सांग. आधी स्वतःची बशी पुढे केलीस की दुसऱ्याच्या पातेल्याबद्दल बोलताना आवाज नीट येतो.

वाटी भरली. मास्तर उठलेसुद्धा.

आमा

*

शिन्चू
२ मार्च

आमा,

बैठकीच्या आदल्या दिवशी सकाळी लवकर गेले. थांग सर पातेल्यात अंडी सोडत होते.

मी आधी बशी पुढे केली. म्हटलं, “सर, रू-फांगची पानं हरवली ती माझ्यामुळे. मी न विचारता कोरी घरं दिली होती. पानं मिळाली, पण ते माझं काम होतं.”

ते म्हणाले, “रू-फांगने मला दुसऱ्याच दिवशी सांगितलं.”

“मग तुम्ही मला काही बोलला नाहीत?”

“तू कधी बोलतेस ते बघत होतो. मला वाटलं, वर्षाचा पहिला महिना असाच जाणार.”

मग मी तुझा तराफा काढला. म्हटलं, “सर, सर्व्हरला वेगळा स्विच द्यावा म्हणते. सगळ्यांची घरं त्याच्याकडे, तेव्हा मान त्याचा. मुहूर्तावर तुमच्या हाताने त्याला एकट्याला उठवावं. तो पूर्ण जागा झाला, त्याने ओ दिली, की बाकीची त्याच्या मागून.”

“आणि एका झटक्यात लावायचं ते?”

“थोरल्याच्या आधी धाकट्यांनी उठून त्याच्या दारात गोंधळ घालणं बरं दिसत नाही, सर.”

सरांनी चमच्याने अंडी हलवली. मग म्हणाले, “म्हणजे इतके दिवस मी मुलांना म्हाताऱ्याच्या आधी जेवायला बसवत होतो. आणि ताटं रिकामी का म्हणून तुला विचारत होतो.”

मी पातेल्याचं झाकण उचलून त्यांच्या हातात दिलं.

“सरळ सांग पोरी, माझ्या मुहूर्तामुळे बिघडत होतं ना?”

“मुहूर्तामुळे नाही सर. सगळ्यांना एकदम उठवल्यामुळे.”

“हे असं बोलायला कुठे शिकलीस?”

“आमच्याकडे तराफे असेच सोडतात.”

“तुंगशीला? मी तुंगशीच्या लाटा मोजल्या आहेत. तिथली भरती पंचांगाला विचारत नाही.” आणि हसले. मला त्यांचं हसणं पहिल्यांदाच ऐकू आलं. बंद पडलेली मोटर सुरू होते तसं.

दुपारी वीजवाला येऊन स्विच वेगळा करून गेला. मी धाकट्या यंत्रांनाही शिकवलं, की सर्व्हरने ओ दिल्याशिवाय दारात जायचं नाही, आणि एकदा उत्तर आलं नाही तर परत विचारायचं. दुसऱ्या सकाळी सरांनी उदबत्ती लावली आणि एकट्या सर्व्हरला उठवलं. खोली अंधारात. मुलं कुजबुजायला लागली. एकाने विचारलं, “सर, वीज गेली का?” सर म्हणाले, “थांब. तो तोंड धुतो आहे.” सर्व्हरचा हिरवा दिवा लागला, मग सरांनी मला मान हलवून खूण केली आणि दुसरा स्विच मी वर केला.

रू-फांग मुद्दाम कोपऱ्यातलं यंत्र सोडून दारापाशी बसली. नाव टाकलं. घर आलं. तिने मागे वळून बघितलं नाही, थेट लिहायला लागली. माझ्यासाठी बैठक तिथेच झाली.

खरी बैठक दुपारी झाली. बाहेरच्या कंपनीचा कागद निघाला तेव्हा सर म्हणाले, “कंपनीला रोज सकाळी कसं उठवणार?” एवढंच. मला वर्षभरासाठी ठेवलं आहे.

खाऊचं पाकीट परत सर्व्हरवर ठेवलं. कोपऱ्यातलं यंत्र आता कुणी विचारत नाही, मला त्याची थोडी दया येते.

छिंगमिंगला कबरी झाडायला येते. चार दिवस राहीन. खोलीत जाळी असतील तर असू देत, मी त्यांच्यावर झोपेन.

आ-लिन

*

तुंगशी
दुसरा महिना, अठरावा दिवस

आ-लिन,

तुझं पत्र येऊन बरेच दिवस झाले. उत्तर द्यायला उशीर केला, कारण मास्तरांना खोकला होता. माझं म्हणशील तर मला काही झालं नव्हतं.

तुला ठेवलं, हे वाक्य मास्तरांनी दोनदा वाचलं. एकदा मला कळावं म्हणून आणि एकदा माझं तोंड बघायला. मी म्हटलं, “चांगलं झालं.” ते म्हणाले, “तसं लिहू का?” मी म्हटलं, लिहा. तर चांगलं झालं.

मग ते गेल्यावर मी जाळी उचलून परत तुझ्या खोलीत टाकली. दोर टाकले. दुसऱ्या दिवशी सगळं परत बाहेर काढलं. आ-ग्योक कुंपणावरून बघत होती. म्हणाली, “तुमचं यंत्र बिघडलं की काय? काल आत, आज बाहेर.” तिला मी तुझी गोष्ट सांगितली होती, ही माझी चूक.

मला वाटलं होतं तू मार्चच्या बसने येशील. वाटलं होतं, एवढंच. शेडमध्ये तुझ्यासाठी बसायला उंच स्टूलसुद्धा बघून ठेवलं होतं, कारण तुझी पाठ लवकर दुखते. त्यावर आता मास्तर बसून लिहितात. त्यांना उंच होतं, पाय लटकतात. तरी उतरत नाहीत.

गादी उन्हात घातली आहे असं ते मधेच लिहीत असतील, तर ती ढेकणांसाठी घातली आहे.

तुझ्या थांग सरांना वाळवलेली कालवं पाठवते. सांग, तराफा सोडणाऱ्याच्या बायकोकडून. चहाच्या अंड्यांत ती घालू नयेत म्हणावं.

छिंगमिंगला ये. भाज्या भरून पातळ पोळीच्या लुनप्या करू. आकोंगच्या कबरीवर गवत माजलं आहे, ते तू काढ, मी बसून सांगते कुठलं राहिलं ते. बस थांब्यावरून चालत येशील तेव्हा घर बंद दिसेल. पुढचं दार लावलेलं असेल, अंगणात कुणी नसेल, मांजरसुद्धा नाही. मी मागे शेडमध्ये असेन, आणि कालवांच्या ढिगामागून मी दिसत नाही.

बघत बसू नकोस. हाक मार.

आमा